अप्पांचा गळ आणि माझी परात

खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर काय काय बसतं, याची यादी दर वर्षी वाढत जाते. वडिलांच्या वेळी विळा, खुरपं आणि तराजू एवढंच असायचं. आता विळी असते, शिवणयंत्राची कात्री असते, मोटारसायकलची किल्ली असते, शाळेतला माझा लाल पेन असतो आणि एका बाजूला घरातले सगळे मोबाईल ओळीनं मांडलेले असतात. पूजा मी करतो. माझ्या हातून कुणाचा मान राहून जाऊ नये अशी माझी फार धडपड असते. तीन वर्षांपूर्वी ती जरा जास्तच झाली. सगळ्या मोबाईलना हळदीकुंकवाची बोटं लावून झाल्यावर माझ्या मनात आलं, की हा बिचारा खालच्या बारक्या भोकातून जेवतो. त्याच्या तोंडालाच कुंकू लागलं नाही तर पूजा कसली? म्हणून माझ्या मोबाईलच्या त्या भोकात मी चिमूटभर ओलं कुंकू बोटानं नीट दाबून भरलं.

संध्याकाळपर्यंत तो गेला.

भालकीच्या बसस्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्यानं टाचणीनं कुंकू उकरून काढलं आणि मागचं झाकण उघडून दाखवलं. बॅटरी पुरीसारखी फुगली होती. ती म्हणे आधीपासूनच फुगत आलेली. मग त्यानं अगदी गंभीर चेहऱ्यानं मला विचारलं, "सर, ह्याचं लगीन लावलतं का?"

आता प्रश्न असा, की याचं करायचं काय. कचऱ्याच्या गाडीत टाकावा तर पूजेला लागलेली वस्तू. कपाटात ठेवावा तर तिथं आधीचे दोन बंद मोबाईल पडलेलेच होते, आणि भंगलेलं घरात साठवू नये असं आमची आई म्हणायची. शेवटी दसऱ्याच्या दिवशी दुपारी, पुरणपोळी खाऊन सगळी गल्ली आडवी झालेली असताना, बायकोच्या शिवणाच्या टोपलीत वरच दिसलेल्या एका हिरव्या खणात मी तो गुंडाळला, तांबड्या काठाची गाठ मारली आणि गल्लीतल्या जुन्या आडावर गेलो. निर्माल्य, देवांच्या फुटक्या तसबिरी, सगळं लोक तिथंच सोडायचे. मी हात जोडून त्याला सोडलं. डुब् असा आवाज झाला. मला फार पवित्र वाटलं. मी शाळेत मराठी शिकवतो. मला पवित्र वाटायला वेळ लागत नाही.

त्या आडापासून चार घरं सोडून काशिनाथअप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. मी चार घरं चालून गेलो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं.

अप्पा सत्तरी ओलांडलेले, उंच, वाळलेल्या शेंगेसारखे. खांद्यावर पंचा आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख मुद्दाम वाढवलेलं. ते नख म्हणजे त्यांचं अवजार. कुठल्याही वस्तूला टिचकी मारायची, मान कलती करायची आणि ऐकायचं. तांब्याला मारली की तांब्या किती वर्षांचा ते सांगत. कलिंगडाला मारत, दाराच्या कडीला मारत, देवळातल्या घंटेला मारत. मी नवीन मोटारसायकल घेतली तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांनी पेढे मागितले, अप्पांनी टाकीवर टिचकी मारली, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "पत्रा हाय. आत कुणी न्हाई." त्या गाडीविषयी माझं स्वतःचं मत पुढे हळूहळू तेच झालं.

ऐकायचं हे वेड त्यांना खाणीत लागलं. ऐन तारुण्यात घरात भांडण करून ते रायचूरकडच्या सोन्याच्या खाणीत गेले आणि पंधरा-सोळा वर्षं जमिनीच्या पोटात राहिले. छताचा दगड पक्का आहे की सुटलाय, हे तिथं पहारीनं ठोकून आवाजावरून ओळखायचं असतं. ऐकण्यात चूक झाली की माणूस जायचा. त्या दिवसांविषयी ते फारसं बोलत नसत. बोलले तर एकच गोष्ट सांगत. खाली फार उकाडा व्हायचा तेव्हा ते दिव्याकडं पाठ करून डोळे मिटायचे, आणि त्यांना आमच्या गल्लीतला आड दिसायचा. भर दुपारचा. त्या अरुंद आडात ऊन सरळ तळापर्यंत उतरतं ते जेमतेम पाव तास. तेवढ्यात खालचं पाणी हिरवं, मग सोनेरी, मग पुन्हा काळं होतं. त्यांची आई कळशी सोडायची आणि ते सोनं फुटून भिंतीभर पसरायचं. "वरी सोनं अन् मी खाली हुडकायलोय," असं म्हणून ते हसायचे, आणि हसता हसता त्यांची नजर कुठंतरी लांब जायची. मग गिऱ्हाईक दोनदा हाक मारायचं तेव्हा परत यायची.

बाप गेल्यावर ते गावी आले आणि दुकानात बसले. आमच्याकडं तांब्यापितळेचं भांडं फुटलं तर टाकत नाहीत. ते मोड म्हणून दुकानदाराला देतात आणि त्याच्या बदल्यात नवं घेतात. अप्पांचं सगळं तत्त्वज्ञान या मोडीतून आलेलं होतं. भांडं मरतंय, धातू मरत न्हाई, असं ते येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायचे. आपण आज ज्या लोट्यानं पाणी पितो त्यातलं तांबं कुणाच्या तरी पणजीच्या घंगाळातलं असेल, हे त्यांच्या तोंडून ऐकताना दुकानातली सगळी भांडी एकमेकांची नात्यागोत्याची वाटायला लागायची.

एके दिवशी दुरुस्तीवाल्याकडं त्यांनी उघडा पडलेला मोबाईल पहिल्यांदा पाहिला. आतली हिरवी पट्टी, तिच्यावरचे सोनेरी ठिपके, तांब्याच्या केसाएवढ्या रेषा. त्यांनी तो कानाला लावला. दुरुस्तीवाला म्हणाला, अप्पा, बंद हाय ते. अप्पा म्हणाले, मला ठाव हाय. आणि लावूनच उभे राहिले.

तेव्हापासून त्यांच्या दुकानाच्या उंबऱ्याशी तांब्याचा एक मोठा हंडा आला. त्यावर खडूनं लिहिलेलं: 'बंद मोबाईलची मोड'. जो कुणी घरात पडून असलेला मोबाईल आणून टाकेल त्याला अप्पा पितळेची एक छोटी पळी द्यायचे, कारण मोड आणणाऱ्याला रिकाम्या हातानं पाठवणं त्यांच्या बापानं शिकवलं नव्हतं. हंडा भरला की माल पेटीत भरून हैदराबादकडच्या एका कारखान्यात जायचा. तिथं सरकारच्या परवानगीनं ही मोड वितळवतात. आधी स्वतः जाऊन, दिवसभर बसून, त्यांनी ती भट्टी बघितली होती. धूर पकडतात, पाणी गाळतात, तांबं वेगळं, सोनं वेगळं काढतात. परत आले ते देवदर्शन करून आल्यासारखे. आम्ही विचारलं तर म्हणाले, "गुरुजी, डोंगर न फोडता निघालेलं सोनं बघितलं मी. नखाएवढं व्हतं. तेवढ्यासाठी आमी खाली किती दगड फोडायचो, अन् ते दगड कुठं टाकायचो, अन् तिथलं पाणी कसं व्हायचं, ते मला इचारा." मी विचारलं नाही. त्यांचा चेहराच सांगत होता.

बाजारामागच्या नाल्याकाठी उस्मानभाई नावाचा भंगारवाला वायरी आणि मोबाईलच्या पट्ट्या जाळायचा. प्लास्टिक जळालं की तांबं उरतं. काळा, गोडसर वासाचा धूर अख्ख्या बाजारावर यायचा. लोकांनी नगरपालिकेत अर्ज दिले, एकदा मारामारीपर्यंत आलं. अप्पा एका दुपारी जाऊन त्या धुरातच, उस्मानभाईच्या शेजारी, दगडावर बसले. आधीच खाणीतल्या धुळीनं छाती गेलेली, खोकायला लागले. उस्मानभाईच घाबरला. म्हणाला, अप्पा उठो, धुआँ तो हवा में जाता, तुम क्यों खाते. अप्पांनी खोकत खोकत विचारलं, "अन् हवा किधर जाती, उस्मान?" उस्मानभाईचं घर नाल्याच्या पलीकडंच होतं. त्यानं त्या बाजूला बघितलं, मग विस्तवावर पाणी ओतलं. पुढं तो न जाळता सगळा माल अप्पांच्या हंड्यात आणायला लागला. कारखान्याकडून त्याला जाळण्यापेक्षा जास्त मिळतं, हे अप्पांनी त्याला नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर तो पैशासाठी थांबला असता, असं त्यांचं म्हणणं. माणसाला स्वतःहून थांबायला जागा ठेवावी लागते.

हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून घेतलं होतं. ते माझ्याही उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

त्यांच्या नातीच्या लग्नाची गोष्ट तर पंचक्रोशीत अजून सांगतात. नवरदेव जनवाड्याचा. पत्रिकेत खाली छापलं होतं: आहेर आणू नये, घरातले बंद मोबाईल आणावेत. लोकांना वाटलं छापखान्याची चूक. पण आमच्या भागात आहेर कुणाचा काय आला ते माईकवर पुकारतात, त्यामुळं कुणाला मागं राहून चालेना. जेवणावळी उठल्या आणि पुकारणाऱ्याचा आवाज मांडवात घुमायला लागला: मुडबीच्या मामाकडून बटणाचे दोन, टचचा एक, जनवाड्याच्या आत्याबाईंकडून टचचे तीन, पैकी एक फुटका, भालकीच्या मास्तरांकडून... माझ्या नावापाशी तो थांबला. मी पातेलं दिलं होतं. कपाटातले दोन मोबाईल द्यायचे मी विसरलो होतो, आणि तिसऱ्याचं तर काही बोलायची सोय नव्हती. "भालकीच्या मास्तरांकडून पातेलं," असं त्यानं पुकारलं आणि मांडव हसला. शोभानं, म्हणजे आमच्या घरच्यांनी, पदर तोंडाला लावला. तो हसू दाबायला की मला ओळख न दाखवायला, ते मी विचारलं नाही.

गंमत पुढंच आहे. त्या लग्नानंतरच्या जूनमध्ये शाळेत पर्यावरण दिनाचं भाषण मीच केलं. अप्पांना पाहुणे म्हणून बोलावलं. बंद मोबाईल मातीत किंवा पाण्यात टाकला तर आतलं विष कसं उतरतं, बॅटरी कशी गळते, आपली मुलं ते पाणी कसं पितात, हे सगळं मी इतक्या तळमळीनं सांगितलं की माझेच डोळे भरून आले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. अप्पा पहिल्या रांगेत बसून, मान कलती करून ऐकत होते. मला टिचकी मारल्यासारखं वाटलं.

मागच्या उन्हाळ्यात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायला लागलं. टँकरच्या मागं कळशा घेऊन पळण्यात गल्लीतल्या बायका थकल्या. तेव्हा अप्पांनी बैठक बोलावली आणि म्हणाले, आड मेलेला न्हाई, झरे जिते हायत, आपणच त्याच्या पोटात नको ते भरलंय. काढू. कुणीतरी म्हणालं, दोन पोरं खाली उतरवू. अप्पांचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा चढलेला ऐकला. बंद पडलेल्या आडात हवा कुजलेली असते, तिथं माणूस उतरवायचा नाही, त्यांनी अशी माणसं वर आणलेली होती. जे निघेल ते वरूनच निघेल.

आणि त्यांनी गळ काढला. तरुण वाचकांना सांगायला हवं, की विहिरीत पडलेली बादली काढायला पूर्वी घरोघरी गळ असायचा: लोखंडी कडीला चहूबाजूंनी वाकवलेले आकडे, वर लांब दोर. अप्पांचा गळ बापापासूनचा. दोर ओढायला उस्मानभाई आला. आता राहिला उजेडाचा प्रश्न. ऊन पाव तासच उतरणार. बाकीच्या वेळी तळ दिसायचा कसा? अप्पांनी दुकानातून पितळेची एक मोठी परात आणली, चिंचेनं घासून आरशासारखी केलेली. तिच्यावर ऊन झेलायचं आणि आडात वळवायचं. परात धरायला स्थिर हाताचा माणूस पाहिजे. गल्लीनं एकमतानं मला निवडलं, कारण दुसरं काही काम मला येत नाही यावरही एकमत होतं.

ते दिवस आठवले की मला अजून झोपेतल्यासारखं वाटतं. उन्हाळ्याची स्तब्ध दुपार. पंप अर्धंअधिक पाणी उपसून थांबलेला. मी परात हलवली की खाली, फार खाली, उजेडाची एक भाकरी भिंतीवरून सरकत जायची. शेवाळ हिरवंगार पेटायचं, एखादा बेडूक डोळे मिटायचा, पाण्यात तसबिरीची काच चमकून जायची. अप्पा कठड्यावर छाती टेकवून, डोळे अर्धे मिटून दोर बोटांनी चाचपत असायचे. आकड्याला काय लागलं ते बघायच्या आधी त्यांना कळायचं. लाकूड हाय. चौकट हाय. आन् हे बगा, मोबाईल हाय.

मोबाईल तर किती निघाले. पाण्याची मोटार बघायला वाकताना वरच्या खिशातून पडलेले, भांडणात भिरकावलेले, पोरांनी गंमत म्हणून सोडलेले. प्रत्येक वेळी अप्पा तो पुसून कानाला लावायचे आणि म्हणायचे, ह्यो कुणाचा हो? मालक हसत पुढं यायचा, अप्पा माझाच, आमच्या घरच्यानं रागात टाकला. हंड्यात पडायचा, पितळी पळी मिळायची, चहा व्हायचा. कबूल करणं इतकं सोपं होतं. पण मला ते जमेना. माझं भाषण मुलांना पाठ होतं.

आणि माझा मोबाईल कुठं आहे हे जगात फक्त मला ठाऊक होतं. पूर्वेच्या अंगाला, उंबराची मुळी दगडातून बाहेर आली होती तिच्या खाली. तीन आठवडे मी परात धरली आणि तीन आठवडे त्या मुळीखाली उजेड जाऊ दिला नाही. हात खरोखरच स्थिर होता.

एकदा अप्पांनी मान न वळवता विचारलं, "गुरुजी, तिकडं उजेड जायनाय, कामून?"

मी म्हणालो, सूर्यच तसा हाय अप्पा.

"व्हय," ते म्हणाले. "सूर्याचं तसंच असतंय."

त्यांना घाई होती, हे गल्लीला माहीत होतं. छाती फार धरायला लागली होती आणि लेक त्यांना हैदराबादला कायमची घेऊन जाणार होती. गुरुवारची बस ठरली होती. जाण्याआधी त्यांना या आडाचा एक तांब्या पाणी प्यायचं होतं, बस. खाणीत सोळा वर्षं डोळे मिटून जे प्याले ते एकदा उघड्या डोळ्यांनी प्यायचं होतं. पण त्यांची अट त्यांचीच: गळ सलग तीन दिवस रिकामा वर आला पाहिजे. त्याशिवाय पिणार नाही, आणि कुणा लेकराला पिऊ देणार नाही.

शनिवारी गळ रिकामा आला. रविवारी रिकामा आला. सोमवारी दुपारी सगळी गल्ली आडाभोवती जमली. शोभानं आमच्या घरचा तांब्या घासून आणला होता. अप्पांनी गळ चार वेळा सोडला, चार वेळा रिकामा आला. उस्मानभाईनं कळशी सोडली, पाणी वर आलं. थंड, स्वच्छ दिसणारं. तांब्या भरला. अप्पांनी तो दोन्ही हातांत धरला, टिचकी मारली आणि मान कलती केली. भरलेल्या तांब्याचा आवाज कसा येणार? पण ते ऐकत राहिले. मग तांब्या ओठांपर्यंत नेला आणि त्याच्या काठावरून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. खाणीत छताकडं बघत असतील तसं.

माझ्या हातांनी परात फिरवली. हातांनीच म्हणतो, कारण माझ्यात तेवढी हिंमत आहे असं मला अजूनही वाटत नाही. उजेडाची भाकरी भिंतीवरून सरकली, उंबराच्या मुळीवर गेली आणि खाली उतरली. पाण्यात तांबडा काठ दिसला.

अप्पांनी तांब्या खाली ठेवला, दोर घेतला आणि पहिल्याच खेपेला गाठ आकड्यात अडकवली. हिरवा खण काळा पडला होता. आत मोबाईल उललेला, बॅटरी फुटून काळा चिकट रस कापडात मुरलेला. अप्पांनी वास घेतला आणि तोंड फिरवलं. शोभानं खणाकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्या खणाचं काय झालं म्हणून तिनं माझ्या बहिणीवर, लताक्कावर, संशय घेतला होता आणि दोन दिवाळ्या दोघींचं बोलणं तुटक होतं.

"माझा हाय," मी म्हणालो. "खंडेनवमीला पुजला होता अप्पा. कचऱ्यात कसा टाकू?"

अप्पांनी मोबाईल पंच्यानं पुसला. कुंकवाचा एक डाग अजून त्या भोकाशी होता. तो बघून ते इतकं हसले की खोकला आला.

"गुरुजी, मातीचा देव पाण्यात जातोय, कारण त्यो इरघळतोय. मातीला माती मिळती. ह्यो इरघळत न्हाई. धातूचं घर भट्टीत. ज्याला त्याला आपल्या घरी पोचवायचं, हीच त्याची पूजा."

मोबाईल त्यांनी कानाला लावला आणि हंड्यात ठेवला; टाकला नाही, ठेवला. मला पितळी पळी दिली. मग तांब्यातलं पाणी लांब रस्त्यावर ओतलं आणि उस्मानभाईला पंप लावायला सांगितलं. पार तळापर्यंत उपसा, गाळ काढा, परत भरू द्या. झरे बारीक होते. भरायला तीन आठवडे लागणार होते. गुरुवार तीन दिवसांवर. हा हिशेब तिथं प्रत्येकानं मनात केला आणि प्रत्येकजण जमिनीकडं बघायला लागला. मी म्हणालो, अप्पा, जाणं पुढं ढकला. ते म्हणाले, लेकीनं रजा काढलीय.

गुरुवारी बसच्या आधी ते आडावर आले. उपसा आदल्या रात्री संपला होता. तळाशी ओंजळभर नवं पाणी जमलं होतं. त्यांनी मला परात धरायला लावली. मी ऊन झेललं आणि खाली सोडलं. एवढ्याशा पाण्यात उजेड पडला, नाण्याएवढा, आणि हलायला लागला. अप्पा कठड्यावर छाती टेकवून किती तरी वेळ बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर खालून येणारा उजेड थरथरत होता. अप्पा मला शेवटचे दिसले ते असे, कारण बसच्या खिडकीत ते पलीकडच्या बाजूला बसले होते आणि मला नुसता पंचा दिसला. निघताना हंडा त्यांनी उस्मानभाईकडं सोपवला आणि गळ माझ्या हातात दिला. परात दिली नाही. ती तुमचीच झाली, एवढंच म्हणाले.

तीन आठवड्यांनी आड भरला. पाणी तपासून आणलं, चांगलं निघालं. मी अप्पांना फोन लावला. त्यांच्याकडं रबरबँड लावलेला बटणाचा मोबाईल होता. पलीकडून श्वासाचा आवाज जास्त आणि अप्पा कमी. म्हणाले, कळशी सोडताना मोबाईल आडावर धरा, मला ऐकू द्या. मी कठड्यावरून हात लांब करून मोबाईल धरला, आणि शोभानं दोन्ही हातांनी माझं मनगट घट्ट धरलं. उस्मानभाईनं कळशी सोडली. डुब्. दोर चाकावर कुरकुरला. पाणी ठिबकत वर आलं.

मग पलीकडून आवाज आला, "थंड हाय."

भाद्रपदात लेकीचा फोन आला. अप्पा गेले होते.

यंदाच्या खंडेनवमीला पाटावर मी गळ आणि परात मांडली. पूजा झाल्यावर माझा धीर सुटला. शोभाला म्हणालो, त्यांनी आयुष्यात एवढी एकच गोष्ट मागितली होती, आणि ते पाणी न पिता गेले, माझ्यामुळं.

ती वाती वळत होती. वळत राहिली. मग म्हणाली, "व्हय, तुमच्यामुळंच गेले. अन् तुम्ही परात फिरवली नसती तर ते इख पिऊन गेले असते, ते बी तुमच्यामुळंच. लताक्काला मी फोन केलाय, दिवाळीला येणार हायत. अन् कपाटात अजून दोन पडलेत, ते आजच हंड्यात नेऊन द्या. जाताना कुंकू लावू नका."